नैराश्याचा उपचार तालुक्याच्या दवाखान्यात मिळू द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांचे सभापती व सदस्य,
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक

स.न.वि.वि.

ऑगस्ट आला की मला हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स आठवतो. 11 ऑगस्ट 2014 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरी त्याने आयुष्य संपवलं. आपल्याकडे ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. त्याच्या मरणाचा आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयांचा जवळचा संबंध आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहितो आहे.

खानदेशात त्याला नावाने ओळखणारे थोडे असतील, चेहऱ्याने ओळखणारे पुष्कळ आहेत. केबलवर हिंदीत लागणारा 'जुमांजी' पाहून मोठी झालेली एक पिढी भुसावळपासून शहाद्यापर्यंत सापडते. 'चाची 420' पाहून जे पोट धरून हसले, त्यांना त्या गोष्टीचं मूळ त्याच्या 1993 च्या 'मिसेस डाउटफायर'मध्ये आहे हे कदाचित ठाऊक नसेल: घटस्फोटानंतर मुलांजवळ राहता यावं म्हणून म्हाताऱ्या बाईचं सोंग घेऊन आपल्याच घरी कामाला लागणारा बाप. तमाशातल्या सोंगाड्याला आणि मावशीला बघत वाढलेल्या माणसाला हा नट परका वाटणं शक्यच नव्हतं. तो आला की पडदा भरून जायचा. आवाज बदलायचा, चाल बदलायची, एका श्वासात चार माणसं उभी करायचा, आणि हसू ओसरायच्या आत डोळ्यांत पाणी उभं करायचा.

मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो आणि दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी आमच्या मंडळाचं नाटक बसवतो. विनोदी नट किती दुर्मिळ असतो हे मला तालमीच्या खोलीत कळतं. रडवणारे पाच मिळतात तेव्हा हसवणारा एक मिळतो. म्हणून रॉबिनचं जाणं मला आजही लागतं.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट मी मंडळातल्या पोरांना नेहमी सांगतो. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह हा त्याचा न्यूयॉर्कच्या जुलियर्ड संस्थेतला सोबती. 1995 मध्ये रीव्ह घोड्यावरून पडला आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं झालं. मोठ्या शस्त्रक्रियेची वाट पाहत तो पडून होता, तेव्हा डॉक्टरचा झगा चढवून, रशियन ढंगात बोलत रॉबिन त्याच्या खोलीत शिरला. अपघातानंतर आपण पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी, असं रीव्हने पुढे सांगितलं. मरणाच्या दारातल्या मित्राला ज्याने हसवलं, त्याचा स्वतःचा आजार मात्र हसून बरा होणारा नव्हता.

आजार हा शब्द मी जाणून वापरतो. तो गेला तेव्हा तीव्र नैराश्याशी तो झगडत होता असं त्याच्या प्रतिनिधीने जाहीर केलं. पुढे शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत 'ल्यूई बॉडी' नावाचा, मेंदूच्या पेशी निकामी करत जाणारा आजार पसरलेला आढळला. मे 2014 मध्ये त्याला पार्किन्सन असल्याचं सांगण्यात आलं होतं. खरा आजार त्याहून मोठा होता आणि तो जिवंत असताना कळलाच नाही. त्याची पत्नी सुझान श्नायडर विल्यम्स हिने 2016 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात त्या शेवटच्या महिन्यांबद्दल लिहिलं. त्या लेखातली एक नोंद मी नाटकवाला म्हणून विसरू शकत नाही. एप्रिल 2014 मध्ये चित्रीकरणाच्या वेळी त्याला एक वाक्यसुद्धा लक्षात ठेवणं जड जात होतं. तीनच वर्षांपूर्वी ब्रॉडवेच्या रंगमंचावर पाच महिने त्याने शेकडो वाक्यं एकही चूक न करता म्हटली होती. भीती, झोप उडणं, संशय, हाताची थरथर, हे सगळं एकापाठोपाठ एक येत गेलं.

हे वाचून काही जण म्हणतात की मग ते नैराश्य नव्हतंच, मेंदूचा आजार होता. मला हे पटत नाही. त्या आजारात नैराश्य आणि भीती ही लक्षणं फार लवकर दिसू शकतात. आणि साधं नैराश्य, ज्यात मेंदूत असं काही सापडत नाही, तेही मेंदूत, झोपेत, भुकेत, अंगात उतरलेलं असतं. दोन्हींत माणसाचा स्वभाव दोषी नसतो. आपल्याला यातून एवढं घेण्यासारखं आहे की साठीनंतर घरातलं माणूस पहिल्यांदाच खिन्न झालं, घाबरू लागलं, त्याचे हात कापू लागले, तर 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणून सोडून न देता त्याची नीट तपासणी झाली पाहिजे. आपल्या खानदेशात ती तपासणी आज कुठे होते? जळगाव आणि धुळे शहरांत होते, नंदुरबारला काही प्रमाणात होते. पण धडगावच्या, मोलगीच्या, यावलच्या पाड्यांवरच्या माणसाने कुठे जायचं?

आता आमच्या मंडळातल्या एका माणसाबद्दल लिहितो. त्याने परवानगी दिली आहे. नाव लिहीत नाही, आम्ही त्याला आप्पा म्हणतो. आप्पा रंगमंचावर आला की प्रेक्षक तो बोलायच्या आधी हसतात. दोन हंगामांमागे तालमीला तो उशिरा येऊ लागला, मग वाक्यं गाळू लागला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पुढे एकदा त्याने सांगितलं की पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं. घरी तो आईला एवढंच म्हणायचा, ''कसामा मन लागत नही.'' आईला वाटलं नजर लागली. भावाला वाटलं कर्ज झालं असेल. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो नीट आला; पित्ताच्या गोळ्या दिल्या, ताकदीच्या दिल्या. पुढे बाहेरचं काही आहे का म्हणून एका भगताकडेही नेऊन आणलं. यांत कुणीही वाईट नव्हतं. ज्याला जे दार माहीत होतं, तिकडे त्याने आप्पाला नेलं. मनोविकारतज्ज्ञाचं दार कुणाला माहीतच नव्हतं, कारण ते तालुक्यात नव्हतं.

शेवटी शहरात जाऊन निदान झालं. थायरॉइड, रक्त, बी-बारा तपासून घेतलं आणि नैराश्याची गोळी सुरू झाली. पहिले तीन आठवडे त्याला काहीच फरक वाटला नाही, उलट मळमळ झाली. चौथ्या आठवड्यात झोप लागली. नंतर भूक आली, मग बोलणं आलं. बरं वाटल्यावर त्याने गोळी आपणहून थांबवली, कारण पुढची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत होती आणि एक दिवस मोडणं परवडणारं नव्हतं. महिन्या-दीड महिन्यात तो पुन्हा तिथेच येऊन पोहोचला. पुन्हा उपचार, आणि या वेळी न सोडता. आज आप्पा नाटकात आहे, शेतात आहे, आणि गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते आहे.

औषधवाला म्हणून यात मला जे दिसतं ते तुम्हाला सांगणं माझं काम आहे. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बरं वाटल्यावरही ती निदान सहा-नऊ महिने चालू ठेवावी लागते आणि बंद करायची तर टप्प्याटप्प्याने. तिची सवय लागेल असं लोकांना वाटतं, कारण ती आणि झोपेची गोळी त्यांना एकच वाटते. सवय लागते ती झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची, आणि लोक दुकानात येऊन चिठ्ठीविना मागतात त्याच. ज्या गोळीने माणूस बरा होतो ती पंधरा दिवसांत सोडली जाते. ही गोळी महाग नाही. महिन्याभराच्या गोळ्यांपेक्षा एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी जास्त पडते. अनेक जण पाकीट दुकानातच फाडून टाकतात आणि गोळ्या साध्या पुडीत बांधून मागतात. घरी कुणी नाव वाचू नये म्हणून. बी.पी.च्या गोळीचं पाकीट कुणी असं फाडत नाही.

आकडे तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील, तरी दोन-तीन इथे ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या 22,746 एकट्या महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. म्हणजे आपल्या राज्यात रोज साठांहून अधिक माणसं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावा असा आहे: वीस प्रौढांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि ज्यांना ते आहे त्यांतल्या शंभरांपैकी 85 जणांच्या आसपास लोकांना उपचार मिळत नाहीत.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी. तिथे त्याची गरज होतीच, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण कापूस आपणही पिकवतो, केळीवर करपा आपल्याकडेही येतो, आणि तापीकाठच्या शेतकऱ्याचं मन वेगळ्या मातीचं नाही.

मोठं रुग्णालय मी मागत नाही. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. त्यांना जवळचा डॉक्टर, नियमित गोळी आणि ऐकून घेणारं एक माणूस लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असं पथक असतं. त्या पथकाने आठवड्यातला एक ठरलेला वार प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात बसावं, एवढी माझी पहिली मागणी आहे. वार बदलू नये. चोपड्याचा बुधवार असेल तर तो बुधवारच राहावा, बाजाराचा दिवस जसा सगळ्यांना पाठ असतो तसा तो पाठ व्हावा. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं जुनं, जळगाव आणि नंदुरबारची अलीकडची. त्यांच्या मनोविकार विभागांना यात जोडून घेता येईल.

आणि कृपा करून त्या खोलीवर 'मनोविकार विभाग' अशी मोठी पाटी लावू नका. बी.पी.-शुगरच्या खोलीशेजारी, त्याच रांगेत ती बसू द्या. लोक येतील.

गोळ्यांचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 आपल्या बाजूने आहे. उपचारासाठी माणसाला लांबचा प्रवास करावा लागू नये असं त्यात लिहिलं आहे, आणि आवश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत असंही. तेव्हा साठा संपला, पुढच्या महिन्यात या, हे उत्तर या गोळीच्या बाबतीत चालत नाही. मधेच खंड पडला की आप्पाचं जे झालं ते होतं. एकदा निदान होऊन तब्येत स्थिरावलेल्या रुग्णाला महिन्याभराची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मिळावी. इथे एक अडचण आहे आणि ती तुम्हा दोन्ही कार्यालयांच्या मधली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. रुग्णाला हा फरक माहीत नसतो. त्याची चिठ्ठी एका दवाखान्याची आणि गोळी दुसऱ्याची असते, आणि या दोन कागदांच्या मधे तो हरवतो. हे पत्र म्हणूनच मी दोघांना मिळून लिहिलं आहे. तुम्ही एकत्र बसलात तर हा प्रश्न एका दुपारी सुटू शकतो.

तिसरी गोष्ट आशाताईंची. तिशीपुढच्या लोकांची बी.पी., शुगर, कर्करोगासाठी जी घरोघर माहिती त्या भरतात, त्या फॉर्ममध्ये आता मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास किंवा हताश वाटलं का. प्रश्न उत्तम आहेत. पण ते ओसरीवर विचारले जातात. सुनेला सासूसमोर विचारलं तर ती काय सांगेल? नवऱ्याला बायको-मुलांसमोर विचारलं तर तो काय सांगेल? 'नाही' लिहून ताई पुढच्या घरी जाते. तिलाही रोजची घरं पुरी करायची असतात. हे दोन प्रश्न एकांतात कसे विचारायचे, 'हो' आलं तर पुढे काय बोलायचं, कुठल्या वारी कुठे पाठवायचं, याचं प्रशिक्षण तिला द्या आणि त्या कामाचा वेगळा मोबदलाही द्या. आणि ते प्रश्न अहिराणीत, भिलीत, पावरीत तयार करा. धडगावच्या बाईला 'हताश' म्हणून विचारून काही कळणार नाही. आपल्याकडे माणूस 'जीव घाबरा व्हस' म्हणतो, हातपाय गळाले म्हणतो, डोकं जड झालं म्हणतो. पुरुष तर बहुधा तेवढंही म्हणत नाही. चिडतो, पितो, किंवा गप्प होतो. बाळंतिणीकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. बाळ झालं, आनंदी आनंद आहे, असं घर म्हणत असताना ती रात्र रात्र रडत असते आणि तिला विचारणारं कुणी नसतं.

भगताबद्दलही लिहितो, कारण सातपुड्यात पहिला उंबरठा त्याचाच आहे. त्याला शिव्या घालून काही साधणार नाही. 'तुझं तू कर, पण झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, मरणाचं बोलणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठव' एवढं त्याला पटलं तरी माणसं वाचतील.

श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1995 ते 2015 या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. बंदी तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवायची व्यवस्था ग्रामपंचायतीमार्फत करता येईल. वाईट तास कसाबसा निघून गेला की अनेकांना जगावंसं वाटतं, हे या क्षेत्रातले सगळे सांगतात.

आपल्या जिल्ह्यातल्या संपादकांनाही तुमच्या बैठकीला बोलवा. रॉबिन गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी वाढल्याचं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. त्याच्या मरणाची पद्धत खोलात जाऊन सांगणाऱ्या बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. ऑस्कर देणाऱ्या संस्थेने 'आता तू मुक्त झालास' अशा अर्थाचा निरोप दिला, तेव्हा जाणकारांनी हरकत घेतली, कारण दुःखात असलेल्या माणसाला त्यातून मरण म्हणजे सुटका असं ऐकू येतं. आपल्याकडेही अंत्ययात्रेत 'सुटला बिचारा' म्हणतात. तो सुटला नाही, तो आजाराने गेला. भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत: पद्धत सांगू नये, मथळा भडक करू नये, मदतीचा क्रमांक द्यावा. स्थानिक पानांवर त्या पाळल्या गेल्या तर फार बरं होईल.

तो क्रमांक मी इथे लिहितो, कारण खुलं पत्र तुमच्याबरोबर इतरही वाचतील. टेली-मानस, 14416. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्याला वाटतंय त्याने लावावा, आणि घरच्यांनीही लावावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. 2017 च्या त्याच कायद्याचं कलम 115 सांगतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

रॉबिनला ऑस्कर मिळालं ते 1998 मध्ये, एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाच्या भूमिकेसाठी. 'गुड विल हंटिंग' या त्या चित्रपटात उपचाराला आलेला समोरचा तरुण बोलत नाही, तर तोही तासभर गप्प बसून राहतो, घाई करत नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर शंभर-दीडशेची रांग असते, तिथे तासभर कुणाला मिळणार नाही हे मला दिसतं. म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान एक समुपदेशक पूर्णवेळ द्या. पद मंजूर असेल तर भरा, मंजूर नसेल तर मागा.

तिन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि कुठल्या तालुक्यात मनोविकाराची तपासणी कुठल्या वारी होईल याचं वेळापत्रक जाहीर करावं, ही विनंती. ते छापून आमच्या औषध दुकानांना द्या. माझ्या तालुक्यातल्या दुकानांच्या दर्शनी काचेवर ते लागेल, ही जबाबदारी मी घेतो. आप्पाने आपला अनुभव गावोगावी सांगायची तयारी दाखवली आहे. बोलवलंत तर आम्ही दोघं येऊ.

आपला,
चोपडा तालुक्यातील एक औषधविक्रेता व हौशी नाट्यदिग्दर्शक